रंगावर आवळलेला बोल्ट

सेलूला कापसाच्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पत्र्याचं शेड आहे. आमचं म्हणतो, पण गेली चार वर्षं तिथं मी एकटाच असतो. मी गाड्यांची वायरिंग बघतो. वीस वर्षं माझ्यासोबत होता तो इंजिनचा मिस्त्री. आजकाल पिकअप आली की मी आधी स्कॅनर लावतो. पडद्यावर बिघाडाचा एक नंबर उमटतो, गाडीवाला त्याच्याकडे डॉक्टरच्या रिपोर्टकडे बघावं तसं बघतो, आणि मला मिस्त्रीची इतकी आठवण येते की हातातलं काम सोडून थोडा वेळ बाहेर जाऊन उभं राहावं लागतं. बाहेर बघण्यासारखं काही नाही. जुन्या टायरांचा ढीग आणि एक लिंबाचं झाड.

मिस्त्रीला स्कॅनर लागत नव्हता. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. गाडीवाल्यानं मध्येच तोंड उघडलं की डोळे न उघडता हातानंच गप्प करायचा. मग म्हणायचा, "दुसऱ्या नंबरचं इंजेक्टर कुरकुर करायलंय." आणि खोलल्यावर ते तसंच निघायचं. मी चिडवायचो, "एवढं बारीक ऐकू येतं, मग चहा आणायची पाळी तुझी हाय हे बरं ऐकू येत न्हाई!" तो म्हणायचा, "इंजिन खोटं बोलत न्हाई, लाईटवाले. तुमी बोलता." वीस वर्षांत त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही.

गाडी का बंद पडते हे शोधताना निम्मा वेळ भांडणातच जातो. इंजिनवाला वायरिंगकडे बोट दाखवतो, वायरिंगवाला इंजिनकडे, आणि गाडीवाला हेलपाटे घालून बेजार होतो. म्हणून आम्ही शेडचा एक कायदा केला होता. एकानं आपलं तपासून "माझ्याकडून ओके" म्हटलं की दुसऱ्यानं ते पुन्हा तपासायचं नाही; दोष आपल्याकडेच शोधायचा. या कायद्याचा मला फार अभिमान होता.

चार वर्षांपूर्वी दसऱ्याला सोनपेठकडच्या एका गाडीवाल्यानं पिकअप रंगवायला काढली. आमच्याकडे दसऱ्याला गाडी नुसती धुऊन भागत नाही. चेसीपर्यंत रंगवायची, झेंडूच्या माळा घालायच्या, मग पूजा. पेंटरसाठी मीच बॅटरी उतरवली होती आणि मीच परत बसवली. बॅटरीची अर्थची वायर चेसीला जिथं आवळतात, तिथला रंग कानशीनं खरवडून लोखंड उघडं करावं लागतं, नाहीतर करंटला परतीची वाट नीट मिळत नाही. हे मी झोपेतही सांगेन. पण त्या दिवशी गाड्यांची ही रांग, आणि गाडीवाला माळा हातात धरून डोक्यावर उभा, "मुहूर्त निघून चाललाय." मी ओल्या रंगावरच बोल्ट आवळला आणि विसरून गेलो.

दिवाळीनंतर कापसाच्या भरात तीच गाडी आली. स्टार्टर ठणठणीत फिरायचा, पण रस्त्यावर गाडी मध्येच दम सोडायची, कधी बंदच पडायची. मिस्त्रीनं पेचकस लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाला, "इंजिन बरं वाटायलंय मला. तू बघ." मी टेस्ट लॅम्प घेतला, सवयीनं त्याची क्लिप बॅटरीच्या मायनसलाच अडकवली आणि एकेक वायर तपासली. दिवा सगळीकडे झक्क लागला. लागणारच, कारण चेसीवरून परत येणारी वाट मी तपासलीच नव्हती. "माझ्याकडून ओके," मी म्हणालो.

कायद्याप्रमाणे आता दोष मिस्त्रीनं त्याच्याकडे शोधायचा. तो परत इंजिनवर वाकला. फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, इंजेक्टर खोलले, शेवटी पंपही उतरवला. तीन दिवस गेले. शेडमध्ये गाडी गुणाची, रस्त्यावर गेली की दगा. चौथ्या दिवशी गाडीवाला चार माणसांसमोर म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यानं व्हायचं न्हाई हे." आणि दुसऱ्या गाडीला बांधून ओढत घेऊन गेला.

दोन आठवड्यांनी तोच गाडीवाला परत आला, हॉर्न वाजत नाही म्हणून; मूळ दुखणं दुसरीकडेही गेलं नव्हतं. मिस्त्री तेव्हा गावी चुडाव्याला गेला होता. मी सहज हेडलाईट लावली, तर टेंपरेचरचा काटा वर चढला. बंद केली, काटा खाली. इंजिन काही असं क्षणात तापत नाही आणि निवतही नाही. काटा असा नाचतो तो अर्थ खराब असली की. गाडीखाली शिरून बोल्ट काढला, तर वायरीखाली काळाकुळकुळीत रंग. दहा मिनिटांत खरवडून परत आवळला, गाडी ठीक झाली. गाडीवाल्याला म्हणालो, "वायर लूज होती."

मिस्त्री परत आल्यावर सांगणार होतो. आला, तेव्हा म्हटलं उद्या सांगू. मग लक्षात आलं की तो पेचकस उचलतच नाही. गाडी आली की गाडीवाल्यालाच विचारतो, "तुला काय वाटायलंय?" महिन्याभरात त्यानं पाने-पेचकस गोणीत भरले. "गुडघे लय दुखायलेत, खाली बसवत न्हाई," म्हणाला. मला ते पटलं नव्हतं, पण मी पटवून घेतलं. भित्रा माणूस किती सोयीचं ऐकतो!

गावात त्यानं पिठाची गिरणी टाकली. सणावाराला फोन व्हायचा, पाऊसपाणी बोलायचो, ठेवून द्यायचो. परवा एक पिकअप आली. स्कॅनरनं तीन नंबर दाखवले, तिन्ही फसवे, मूळ दुखणं अर्थचंच. कानस हातात धरली आणि पुढं हात चालेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं चुडावा गाठलं. त्याला खरं सांगायचं होतं, आणि परत घेऊन यायचं होतं. शेडमध्ये एकट्यानं चहा पिऊन मी कंटाळलोय.

मला बघून त्यानं गिरणी बंद केली, पिठानं पांढरे झालेले हात पुसले आणि पोत्यावर जागा करून दिली. "मोठ्यानं बोल जरा," म्हणाला. मी सगळं सांगितलं. रंग, बोल्ट, क्लिप, काटा, आणि मी गप्प राहिलो तेही. तो शिव्या देईल म्हणून मान खाली घालून बसलो होतो.

"म्हणजे इंजिन बरं होतं?"

"बरं होतं."

"मी ऐकलेलं बरोबर होतं?"

"बरोबर होतं, मिस्त्री."

त्यानं हात कानाला लावला. "मला वाटलं, माझा कान गेला," म्हणाला. "म्हनून सोडलं रे मी. गुडघ्याला काय झालंय?"

"चल परत. तुझी जागा तशीच हाय."

तो हसला. "चार वर्सं ह्या गिरणीच्या खडखडाटात बसलो. आता कान खरंच गेलाय."

"माफ कर," मी म्हणालो. हे मात्र मोठ्यानं नाही.

"आँ?" म्हणत त्यानं कान पुढं केला.