मागे न जाणारी गाडी

माझ्या मामांनी उभा जन्म राजेसाहेबांची गाडी चालवली आणि त्यांना गाडी मागे घेता येत नव्हती. हे मी थट्टेने सांगत नाही. राजघराण्याची गाडी मागे जायची नाही, असा राजेसाहेबांच्या आजोबांपासूनचा दंडक होता. गॅरेजला दोन दारं, एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. राजवाड्यापुढे गोल बाग होती, तिला वळसा घातला की तोंड पुन्हा फाटकाकडे. अरुंद रस्त्यात समोरून ट्रक आला तर ट्रकाने मागे जायचं. शिपाई शिट्टी फुंकायचे, रस्ता रिकामा व्हायचा आणि ती लांबलचक काळी गाडी पाण्यावरून गेल्यासारखी निघून जायची. तिला नंबर नव्हता आणि मामांकडे लायसन्स नव्हतं. विचारणार कोण?

मागचं दाखवणारा आरसाही आत नव्हता. राजेसाहेब मागे बसत, आणि ड्रायव्हरने त्यांच्याकडे बघत राहणं बरं दिसत नाही, म्हणून तो काढून टाकलेला.

मी शिकायला म्हणून मामा-मामींकडे राहायला आले, गॅरेजच्या माडीवरच्या दोन खोल्यांत. खालून पेट्रोलचा आणि पॉलिशचा वास यायचा. सकाळी गाडी पुसून झाली की मामा आत बसत, स्टिअरिंगवर हात ठेवत आणि डोळे मिटत. मामी वरून म्हणायची, "निघाली स्वारी." कुठे जाता हो, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कुठेच नाही गं. मी बसलेला असतो, रस्ता येत राहतो." मला राजेबिजे कधीच पटले नाहीत. पण त्या दिवशी त्या अर्धवट उजेडात मलाही क्षणभर भिंती मागे सरकल्यासारख्या वाटल्या.

मग राष्ट्रपतींच्या एका सहीसरशी सगळ्या माजी राजांचे तनखे आणि मानमरातब रद्द झाले. राज्य सोडताना सरकारने दर वर्षी द्यायची म्हणून कबूल केलेली रक्कम, ती बंद. राजेसाहेब वरच्या कोर्टात गेले. राज्यघटनेत लिहून दिलेलं वचन असं एका हुकमाने पुसता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर त्या पैशांत शाळा निघाल्या असत्या, आणि मी तसं जेवताना बोलूनही दाखवलं. मामांना तनख्याचं सोयरसुतक नव्हतं. मान गेले की गाडीला नंबर येणार, चालवणाऱ्याला लायसन्स लागणार, आणि लायसन्सच्या परीक्षेत दोन खांबांमधून गाडी मागे घेऊन दाखवावी लागते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. नापास झाले तर नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर माडीही. देशाच्या घटनेचा एवढा मोठा खटला आमच्या घरी एका गिअरवर येऊन अडला होता.

तारखेला मामा राजेसाहेबांना आणि त्यांच्या वकिलांना कोर्टात नेत. मागच्या सीटवरचं बोलणं ऐकून ऐकून त्यांना कलमं पाठ झाली. तोवर जरा शिकून घ्या की, असं मी म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, निकाल लागू दे. निकाल लागला आणि राजेसाहेब जिंकले. हुकूम बेकायदा ठरला. त्या दिवशी मामा इतक्या सावकाश गाडी चालवत आले की मामीला वाटलं, पेट्रोल संपलं. पुढे कितीतरी दिवस ते तरंगतच होते. गॅरेजमध्ये डोळे मिटून बसले की उठायचं नाव नाही.

पण सरकार काय हात बांधून बसणार होतं? हुकूम चालत नाही ना, मग घटनाच बदलली. वचनाचं कलमच गेलं. मी पेपरातली बातमी वाचून दाखवली तेव्हा मामा फडकं पिळत होते. पाणी संपलं तरी पिळतच राहिले. मला हवं होतं तेच झालं होतं, तरी पुढच्या ओळी मी वाचल्या नाहीत.

परीक्षेचा दिवस ठरला. मामा माडी उतरेनात. शेवटी मामी तडक राजेसाहेबांकडे गेली. काय बोलली, ते तिने आम्हाला कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राजेसाहेब घरातल्या सपाता घालून गॅरेजपुढे हजर. त्यांनी मामांना खाली बोलावून गाडीत बसवलं, आणि स्वतः आत बसायचं सोडून गाडीच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते.

"राजेसाहेब, बाजूला व्हा," मामा म्हणाले. "तुम्ही मागे असताना मला जमायचं नाही."

"जन्मभर मी मागेच होतो ना? तेव्हा बसलेला होतो, आता उभा आहे, एवढंच. मान वळवा, माझ्याकडे बघा आणि या."

मामांनी मान वळवली. इतक्या वर्षांत गाडीत बसून त्यांनी कधी मागे पाहिलं नव्हतं. मागे एक म्हातारा माणूस एक हात वर करून उभा होता, त्याचे विरळ केस वाऱ्यावर उडत होते. गिअर करकरला. गाडी हलली. "या, या, येऊ द्या," राजेसाहेब म्हणत होते. गाडी आधी जराशी वाकडी गेली, मग सरळ झाली आणि झोपेत चालल्यासारखी मागे येत राहिली. राजेसाहेब मात्र जागचे हलेनात. मी वरून ओरडले. मामांनी ब्रेक दाबला तेव्हा बंपर राजेसाहेबांच्या गुडघ्यांना टेकला होता.

मामा धावत मागे गेले. राजेसाहेब डिकीवर हात टेकून उभे होते.

"तुम्हाला जमलं," ते म्हणाले. "मला बघा, पाऊल मागे घ्यायचं सुचलंच नाही."

मामांनी आजवर त्यांना कधी हात लावला नव्हता. त्यांनी राजेसाहेबांचा दंड धरला आणि हळूच त्यांना एक पाऊल मागे नेलं. मग आणखी एक.