चुकायचं काम मला जमलं नाही

मी घर सोडलं त्या दिवशी आई एसटीला सोडायला आली नाही. मेंढरं वाड्यातून बाहेर काढायची वेळ होती. मी पाया पडायला गेले तर तिनं डोळ्यांनीच थांबवलं, कारण मोज चालली होती. एकेक मेंढरू तिच्या मांडीला घासून बाहेर पडायचं, वीस झाली की ती एक खडा ओच्यात टाकायची. शेवटचं लंगडं कोकरू बाहेर आलं तेव्हा म्हणाली, "तीन ईस अन् चौदा. हायती समदी. जा आता, गाडी चुकंल."

ईस म्हणजे वीस. आमच्या माणच्या माळावर सगळं विसाविसानंच मोजायचे.

मालक पुण्याला कारखान्यात लागले, त्यांच्यामागं मी गेले. माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचणं वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून शिकले, तेव्हा शुद्धलेखन कुणी मनावर घेऊ नका.

हे लिहितेय ते माझ्या धाकट्या भावासाठी, नामासाठी, आणि आमच्यासारखे जे जे गाव सोडून गेले त्यांच्यासाठी. नामा रिटायर हेडमास्तर आहे. परवा त्याचा फोन आला. गावातल्या शाळेत माझा सत्कार ठरलाय, टीव्हीवर एवढी वर्षं पोरांना शिकवलं म्हणून. मी हरखले. तर म्हणतो, "आक्का, ये. पण तेवढं ते ईसाचं काढू नगंस स्टेजवर. शिक्षणाचं मोठं सायेब येनार हायती."

फोन ठेवला आणि पाणी प्यायले. मग वही घेतली.

पुण्यात मी आमच्या वस्तीच्या बालवाडीत मदतनीस होते. तिथं टीव्हीवाले आले. लहान मुलांच्या शिक्षणाच्या कार्यक्रमासाठी त्यांना एक गावाकडची बाई पाहिजे होती. माझं बोलणं ऐकलं आणि "हीच" म्हणाले. काम असं, की विभा नावाची शिकलेली मुलगी ताई होऊन शिकवणार, आणि मी सगुणामावशी होऊन हातात झाडू धरून चुकणार. चहात मीठ घाल, छत्री उलटी धर. पोरं खदखदून हसायची, मीही हसायचे. हसवण्यात कसली लाज?

मग एक दिवस मोजायचा धडा आला. जमिनीवर कापडाची सत्तावीस मेंढरं मांडलेली. मी विसानं मोजत मोजत गोंधळायचं, आणि विभाताईनं म्हणायचं, "चुकलं मावशी, असं नसतं मोजायचं!" कॅमेरा सुरू झाला. मी मोजलं आणि तोंडातून सरळ गेलं, "एक ईस अन् सात."

"अहो बाई, गोंधळा की!" डायरेक्टर ओरडले. "तुमचं कामच चुकायचं आहे."

मी म्हणाले, "सायेब, चहात मीठ घालीन, छत्री उलटी धरीन. मोजताना चुकायची न्हाई. माझ्या आईला अक्षर येत न्हाई, पर तिचं कोकरू कवा हरवलं न्हाई. तिला मी टीव्हीवर येडी ठरवू व्हय?"

"मग घरी जा."

मालकांचा कारखाना तेव्हा बंद पडलेला, घर माझ्या एकटीवर. तरी झाडू भिंतीला टेकवला आणि निघाले. दारापर्यंत पोचले तोच मागून विभा बोलली, "सर, वीस आणि सात सत्तावीसच ना? मग मी चुकलं कसं म्हणू?"

कॅमेरावाला फिसकन हसला. डायरेक्टर वैतागून म्हणाले, "बरं, बरोबर म्हणा आणि संपवा एकदाचं!"

झाडू पुढं आणखी दोन वर्षं हातात राहिला, खोटं कशाला सांगू. पण मोजायचा धडा आला की तो माझाच. मावशीची मी आजी झाले, टीव्हीवरून मोबाईलवर आले. आता बँकेतला साहेब खुर्चीतून उठतो आणि म्हणतो, मावशी, तुम्ही मोजायला शिकवलंत.

तो पहिला धडा आईनं पंचायतीच्या टीव्हीवर पाहिला. गावाकडच्या माणसाजवळ तिनं निरोप धाडला, "मोज बरुबर हाय." नामाचं पत्र आलं, "आक्का, आपला अडाणीपणा घरोघर दाखवलास."

नामा, तू असं का लिहिलंस ते मला ठाऊक आहे. दिवाळीनंतर आपली मेंढरं कृष्णाकाठी, कुंडलच्या रानात खतासाठी बसायला जायची. तिथल्या शाळेत तुला चार महिने बसवलं. गुरुजींनी चाळीस मेंढरांचं गणित घातलं, तू उत्तर दिलंस, "दोन ईस." हातावर छड्या बसल्या. बागायतदारांची पोरं तुझ्यामागं बँऽ बँऽ करत रानापर्यंत आली. त्या दिवशी तू जेवला नाहीस. पुढं तू हेडमास्तर झालास तेव्हा मी चाळभर पेढे वाटले. पण बाबा, छडी मारली मास्तरनं, आणि लाज धरलीस तू आईची. हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

लोक विचारतात, तुमचं घर कुठलं, पुणं का माण? पुण्यानं मला गावंढळ म्हणून कामाला लावलं. गाव मला शहरातली म्हणून शाल द्यायला निघालंय. अट दोघांची एकच, जशी आहेस तशी येऊ नको. अट पुण्यात मोडली तेव्हा पुणं माझं झालं. आता गावातही मोडणार, कारण गाव मला पाव्हणी म्हणून नको, घर म्हणून पाहिजे.

तर नामा, मी येतेय. शाल घालायची तर घाला, नाहीतर राहू द्या. स्टेजवर चढले की समोर बसलेली माणसं मी विसाविसानं मोजणार, मोठ्या साहेबांसकट. तुला लाज वाटली तर खुशाल मागच्या रांगेत बस. मोजताना तुला सोडायची न्हाई.