कांताबाईचे मॅकरॉन, इंदुताईचा कूलर

दिग्रसच्या कांताबाईला कुणी चांगली म्हणत नाही, सुगरण म्हणतात. या दोन्हींत फरक आहे आणि तो तिलाही ठाऊक आहे. भावकीतलं कुठलंही कार्य असो, गोडाचं काम तिच्या नजरेखालून जायचं, आणि बुंदी जरा कच्ची निघाली तर ती भर मांडवात आचाऱ्याचा उद्धार करायची. वय सत्तावन्न, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

धाकटी जाऊ इंदुताई हिच्याशी तिचं सहा वर्षांपासून बोलणं बंद. भाऊ वेगळे झाले तेव्हा वावराचे दोन भाग झाले, बैल विकले, भांडी वाटली, सगळं मुकाट्यानं पार पडलं. अडलं ते स्वयंपाकघरापाशी. ते मोठं होतं, उजेडाचं होतं, आणि थोरली म्हणून कांताबाईनं ते मागितलं. तेव्हा घरी जमलेल्या चार जाणत्या माणसांसमोर इंदुताई म्हणाली, "तुमाले कायले पाह्यजे स्वयंपाकघर? तुमच्या घरी खायले हाय कोन?"

कांताबाईला मूल नाही. असं बोलायला जीभ कशी रेटली त्या बाईची, देव जाणे! कांताबाई उठली आणि मागच्या पडवीत तिनं आपला गॅस मांडला. त्या दिवसापासून इंदुताईशी ती एक शब्दही बोलली नाही. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. वर टिनाचे पत्रे, म्हणून हवा खेळायला भिंतीच्या डोक्यावर दोन हात जागा मोकळी सोडली. तेवढ्या जागेतून इकडची फोडणी तिकडे आणि तिकडचा खोकला इकडे ऐकू यायचा.

भिंत मानली नाही ती एका नयननं. नयन इंदुताईची एकुलती एक लेक, पण लहानपणापासून जेवली कांताबाईच्या ताटात. तिला ती मोठेआई म्हणते. पुढे नागपूरला नोकरीला लागली, तरी सुट्टीत आली की मागच्या दारानं इकडे हजर. इंदुताईला ते दिसायचं. ती लेकीला काही म्हणत नसे, फक्त भांडी जोरात आपटायची.

यंदा मे महिन्यात नयनचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. सगळ्या गोडाची ऑर्डर इंदुताईनं यवतमाळच्या केटररला देऊन टाकली आणि कांताबाईला साधं विचारलंसुद्धा नाही. भावकीत पहिल्यांदा असं झालं, आणि तेही नयनच्या कार्यात. कांताबाईनं दोन दिवस रामरावांना, म्हणजे नवऱ्याला, जेवताना शब्दही बोलू दिला नाही. तिचं एकच म्हणणं होतं. पोरीच्या साक्षगंधाला आपल्या हातचं गोड गेलंच पाहिजे, मग इंदीला मिरच्या झोंबल्या तरी चालतील.

नयननंच मार्ग दाखवला. नागपुरात तिनं मॅकरॉन खाल्ले होते. बदामाच्या दोन गोल टिकल्या, वरून कुरकुरीत, आत मऊ, मधे मसाल्याच्या बिस्किटाचं लोणी. तिनं मोबाइलवर कृती दाखवली आणि हसत म्हणाली की मोठेआई, हे काही घरी होत नाही. झालं! कांताबाईला एवढंच पुरे होतं.

मसाल्याच्या बिस्किटाला ती अडली नाही. मैदा, तूप, पिठीसाखर, सुंठ, जायफळ, दालचिनी आणि दोन लवंगा असं सामान घेऊन ती गफ्फारभाईच्या भट्टीवर गेली. दिवाळीला आणि ईदला अर्धं दिग्रस आपापलं सामान देऊन तिथूनच नानखटाई भाजून नेतं. भर उन्हाळ्यात नानखटाई कोण खातं, म्हणून गफ्फारभाई हसले, पण भाजून दिली. कांताबाईनं ती कुटली, लोण्यात आणि सायीत फेटली. बोट चाटून रामराव म्हणाले की एवढंच दे पोळीसोबत, बाकीची भानगड कायले.

बाकीची भानगड म्हणजे टिकल्या. बदाम सोलून, उन्हात खडखडीत वाळवून दळले. अंड्याचा पांढरा भाग साखरेसोबत भांडं उलटं केलं तरी पडू नये इतका फेटला. पीठ मिसळून गोल टिकल्या पाडल्या आणि सुकायला ठेवल्या. बोट लावलं तर चिकटू नये, मगच भाजायच्या, असं कृतीत होतं. पण तास झाला, दोन तास झाले, टिकल्या ओल्या त्या ओल्याच. बाहेर पंचेचाळीस डिग्री, अंगणात टाकलेला पापड दहा मिनिटांत वाकडा होतो, आणि या टिकल्या सुकत नव्हत्या! शेवटी तशाच घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये सरकवल्या. फुटल्या, पसरल्या, कडेखाली फुगीर झालर यायला हवी ती काही आली नाही. असं चार वेळा झालं. साठ अंडी गेली. रामराव रोज पिवळ्या बलकाची भुर्जी खाऊन कंटाळले.

पाचव्या खेपेला दुपारची लाइट गेली. वैतागून ती पदरानं वारा घेत बसली. पाऊण तासानं सहज बोट लावलं, तर टिकली कोरडी! लाइट आल्यावर भाजल्या, तर एकूण एक टिकलीला झालर. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. तिचा स्वतःचा कूलर पुढच्या खोलीत होता, अन् तो तिनं स्वयंपाकाच्या वेळी बंदच ठेवला होता. पण भिंतीपलीकडे इंदुताईचा मोठा कूलर लाइट असेपर्यंत दिवसभर चालायचा आणि त्याची ओली हवा पत्र्याखालच्या जागेतून सरळ पडवीत उतरायची.

तिनं नयनकडून निरोप धाडला की शुक्रवारी बारा ते चार कूलर बंद ठेवा, पोरीच्या कार्याचं काम आहे. नयननं भोळेपणानं सगळंच सांगून टाकलं. मॅकरॉन, अंडी, ओली हवा, सगळं. शुक्रवारी इंदुताईनं सकाळी दहालाच कूलर सुरू केला. वर टाकी काठोकाठ भरली आणि कूलरचं तोंड भिंतीकडे वळवलं. घरात बसायला कुणी नव्हतं. ती स्वतः बाजारात गेली होती. रिकाम्या खोलीत कूलर घरघरत राहिला.

"मुडदा बशिवला तिचा," एवढंच कांताबाई म्हणाली. ट्रे उचलले, रामरावांना स्कूटीवर बसवलं आणि सगळं भट्टीवर नेलं.

भट्टीजवळच्या कोरड्या धगीत टिकल्या दहा मिनिटांत सुकल्या. पण पाव काढल्यानंतरची भट्टीही फार गरम होती. पहिला ट्रे करपला. गफ्फारभाईंनी दार उघडं ठेवून ती निववली, आत हात घालून अंदाज घेतला आणि म्हणाले की आता टाका. मे महिन्याच्या दुपारी, भट्टीसमोर, दुखऱ्या गुडघ्यांवर ही बाई पाच तास उभी राहिली. एकशे वीस मॅकरॉन झाले. शनिवारभर फ्रिजमध्ये मुरवले. रविवारी थंड डब्यांत घालून ती मंगल कार्यालयात पोचली.

इंदुताईनं डबे पाहिले आणि वाढप्याला सांगितलं की ते बाजूला ठेव. कांताबाईनं वाढप्याच्या हातातून परात घेतली, स्वतः मॅकरॉन मांडले आणि रिवाजाप्रमाणे पहिली परात मुलाकडच्यांपुढे नेली. स्टेजवरून नयननं पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला की कांताबाईला भट्टीवरचे पाच तास वसूल झाल्यासारखे वाटले.

मुलाची आजी पुढच्याच खुर्चीत बसली होती. गावाहून सकाळीच आली होती, गळ्यात तुळशीची माळ. म्हातारीनं एक मॅकरॉन उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कायचं हाय व बाई हे?"

माळकरी म्हणजे अंडं वर्ज्य. कांताबाईच्या घरात अंडं सर्रास चालतं. व्याह्यांकडे कुणी माळकरी असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मागे दोन हातांवर इंदुताई उभी होती. आजीची माळ आणि त्यातलं अंडं, दोन्ही तिला माहीत होतं, आणि ती तोंड मिटून नुसती बघत होती. बदामाचं म्हटलं की काम भागत होतं. बदाम होतेच त्यात. एकशे वीसच्या एकशे वीस वाटले गेले असते, सगळ्यांनी बोटं चाटली असती. पण कधी ना कधी ही गोष्ट फुटणार, आणि मग म्हातारीची माळ बाटवली म्हणून नयनला त्या घरात जन्मभर ऐकावं लागणार.

"अंडं हाय यात," कांताबाई म्हणाली. "तुमाले नाही चालत. ठेवा खाली, आजी."

म्हातारीनं ठेवला आणि हात धुवायला पाणी मागितलं. मुलाचा काका पुटपुटला की अशी वस्तू इथे आणावीच कशाला. कांताबाईनं परात उचलली, सगळे डबे भाड्यानं केलेल्या गाडीत नेऊन ठेवले आणि तिथेच बसून राहिली. नयन स्टेजवर व्याह्यांच्या गराड्यात अडकली होती, तिच्या तोंडी एकही गेला नाही. घरी येईपर्यंत उन्हानं लोणी वितळलं. वाटेत रामरावांनी चार खाल्ले आणि छान झाले म्हणाले, तर ती त्यांच्यावरच खेकसली. मग उरलेलं सगळं तिनं उकिरड्यावर टाकलं. इंदीला आज पेढे गोड लागले असतील, हे ती सारखं म्हणत होती आणि रडतही होती.

मंगळवारी बाराच्या सुमारास पलीकडची घरघर थांबली. लाइट गेली असेल म्हणून तिनं वर पाहिलं, तर तिच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पत्रे तापून कडकड वाजू लागले. कांताबाईनं स्टूल ओढलं, गुडघ्याला शिव्या देत त्यावर चढली आणि भिंतीवरून डोकावली. घामानं निथळत, वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत इंदुताई बंद कूलरसमोर बसली होती.

"काहून बंद केला?" कांताबाई म्हणाली. सहा वर्षांत तिचा हा पहिला शब्द.

इंदुताईनं मान वर केली नाही. "नयन उद्या नागपूरले चालली. आज चार वाजता येते ती तुमच्या घरी खायले. तिच्यासाठी बंद केला मी. तुमच्यासाठी नाही."

कांताबाई स्टूलावरून उतरली आणि अंडी फोडायला बसली.