हार्डडिस्कला लावलेलं कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या शेठचा फोन आला. मी शहरात कॉम्प्युटरचे क्लास घेते आणि अशा काही कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळते.

"मॅडम, डिझाइनचा कॉम्प्युटर मेला की. नुसता पीं पीं ओरडायलाय. नारळाचं पाणी गेलंय बघा आत."

"बंद करा. प्लग काढून ठेवा. येते मी."

"दुपारी पार्टी यायलीय नवी बॉर्डर बघायला. दुकानातनं पण एक माणूस बोलवलाय मी."

"मी येईपर्यंत त्याला हात लावू देऊ नका."

दुकानातली ही माणसं मला माहीत आहेत. कुठलाही आजार असो, औषध एकच: फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून कोरी करायची. त्या कॉम्प्युटरमध्ये दोन हार्डडिस्क होत्या. एकीवर कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स, दुसरीवर टॉवेलांची सगळी डिझाइनं. दर दिवाळीला मी त्यांची कॉपी काढत असे, म्हणजे त्या वर्षाचं काम अजून फक्त त्या एका डिस्कवर होतं. स्कूटरवर मोहोळच्या दिशेने जाताना डोक्यात तेवढंच होतं.

मी पोचले तेव्हा ऑफिसात झेंडूच्या माळा तशाच होत्या. खंडेनवमीला इथे मागांची पूजा होते, तशीच कॉम्प्युटरचीही. मॉनिटरवर हळदकुंकवाची बोटं, टेबलाच्या पायाशी नारळाच्या करवंट्या. टेबलाशेजारी डिझाइनर काका उभे होते. घरी तेलुगू बोलणारे, तीन पिढ्या मागावर काढलेल्या घरातले, वयाची साठी ओलांडलेले. त्या डिस्कवरची झाडून सगळी डिझाइनं त्यांच्या हातची. एरवी मला बघितलं की "या मॅडम, चहा?" म्हणणारा माणूस त्या दिवशी खाली बघत होता.

"नारळ कुणी फोडला?" मी विचारलं.

"मी. पण लांब फोडला. दाराशी."

"आणि कॉम्प्युटरचा डबा उघडला कुणी?"

"कुणी न्हाई," शेठच म्हणाले. "डब्याला हात लावायचा नाही असं सांगितलंय मी सगळ्यांना. लावला तर घरी पाठवीन."

मी डबा उघडला. आत ओल नव्हती. उलट आतून तो इतका चकचकीत होता, की तिथे वर्षाची धूळ असायला हवी होती हे लगेच जाणवलं. रॅमची पट्टी एका बाजूने वर आली होती. दाबून बसवली, चालू केला. पीं पीं थांबलं. शेठनी "वा" म्हटलं.

पण स्क्रीनवर एक ओळ येऊन थांबली. डिझाइनच्या डिस्कची वाट बघतोय, असा तिचा अर्थ. ओळीपुढे लाल चांदणीची खूण इकडून तिकडे सरकत राहिली. दीड मिनिट वाट बघून लिनक्सने हात टेकले आणि दुरुस्तीसाठी पासवर्ड मागितला. मी तो दिला आणि आत किती डिस्क दिसतात ते विचारलं. उत्तर आलं, एक. लिनक्सची तेवढी होती. डिझाइनची नव्हती.

त्याच वेळी दुकानातला माणूस आला. खिशातून पेनड्राइव्ह काढतच आला. माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाला, "गेली की हो डिस्क. शेठ, नवीन टाकू. विंडोज मारून देतो. तासात मोकळे."

"आणि डिझाइन?" शेठ.

"ती कुठली आता? गेली म्हणा ती."

काकांनी खुर्चीची पाठ धरली.

शेठनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, पार्टीला काय दाखवू मी? नुसता बंद डबा? तासाभरात चालू होत असंल तर होऊ द्या की."

"डिस्क मेलीय हे अजून ठरलेलं नाही. मी या खुर्चीतून उठेन तेव्हा काय मारायचं ते मारा."

"बाईंचा हट्ट बघा," दुकानवाला हसत म्हणाला. मी लक्ष दिलं नाही. कॉम्प्युटरची वीज बंद केली आणि छोट्या बॅटरीच्या उजेडात डब्यात परत वाकले.

खालच्या कप्प्यातल्या डिस्कवर, बरोबर मधोमध, हळदीकुंकवाचं एक बारीक बोट होतं. लिनक्सच्या डिस्कवर नव्हतं. डिझाइनं कुठल्या डिस्कमध्ये असतात हे त्या कारखान्यात दोघांनाच माहीत होतं. एक मी.

डब्याचं बाजूचं झाकण मी अर्धं लावून ते बोट झाकलं. "शेठ, वर्कशॉपमधून मोठा टॉर्च आणा. आणि यांना चहा पाजा बाहेर. इथे उजेड अडतोय."

ते गेले. मी आवाज खाली घेतला. "काका, काय काय काढलं होतं? मला सगळं सांगा, क्रमाने. ओरडणार नाही."

त्यांनी एकदा दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "मॉनिटरला टिळा लावून काय उपयोग? त्याच्यात काय नाही. डिझाइन आत आहे. म्हणून आत लावला. लावायच्या आधी पुसायला पाहिजे ना? उपाशी होतो, सोवळ्यात होतो. कोरड्या कापडानी पुसलं, मॅडम. पाण्याचा थेंब नाही."

"वायरी?"

"दोन लाल वायरी काढल्या. पुसल्या. परत लावल्या."

"जिथली तिथे?"

"दोन्ही सारख्याच की."

मला हवं होतं ते मिळालं. खालच्या डिस्कची लाल केबल बोटांनी चाचपली. बाहेरून बसल्यासारखी दिसत होती, पण कट् आवाज झालेला नव्हता. दाबली. झाला. पुन्हा चालू केला आणि कान लावला. खालची डिस्क घरघरायला लागली. काकांनी डोळे मिटून घेतले.

तरी लिनक्स उघडेना. पुन्हा पासवर्ड. पण आता डिस्क दोन दिसत होत्या. फक्त केबलांबरोबर त्यांच्या नंबरांचीही अदलाबदल झाली होती. ज्याने मुळात हे मशीन बसवलं, त्याने 'दुसऱ्या नंबरची डिस्क उघड' एवढंच लिहून ठेवलं होतं आणि नंबर दोनवर आता लिनक्सच बसलं होतं. मी ती ओळ काढली. तिच्या जागी डिझाइनच्या डिस्कचा स्वतःचा लांबलचक ओळखक्रमांक टाकला. केबल कुठेही लावली तरी तो बदलत नाही. एकेक अक्षर बघून टाकला, कारण एक चुकलं तर पुन्हा तेच. काका शेजारी उभे राहून अक्षरं पुटपुटत ताडून बघत होते.

टॉर्च घेऊन शेठ आले तेव्हा लिनक्स उघडलं होतं आणि काका फोल्डरमागून फोल्डर उघडत होते. नवी बॉर्डर होती. जुन्याही होत्या.

"काय झालं होतं ओ?" शेठ.

"केबल ढिली होती," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

"मी उघडला होता डबा," काका मधेच म्हणाले. "पूजेला."

शेठचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला सांगितलं नव्हतं? काका, अख्खं वर्ष गेलं असतं आपलं!"

"माझंच गेलं असतं," काका म्हणाले.

शेठ काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात फाटकावर गाडीचा हॉर्न वाजला. पार्टी वेळेआधीच आली होती. दुकानवाल्याने पेनड्राइव्ह खिशात घातला आणि चहाचा कप ठेवायला जागा शोधू लागला.

"चला, ते नंतर बघतो मी. काका, बॉर्डर काढा मोठी करून," शेठ घाईने म्हणाले. "मॅडम, उठा आता."

"नाही." मी पर्समधली माझी डिस्क काढून लावली होती. "आधी कॉपी."

"अहो, पाहुणे दारात आहेत!"

"त्यांना चहा द्या. काकांना पुढे पाठवा, कापडावरचे नमुने दाखवतील. कॉपी झाल्याशिवाय मी उठत नाही."

शेठ बडबडत बाहेर गेले, त्यांच्यामागे काका. मी स्क्रीनवरची हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत बसले.