मारियान मावशीचं घर

हे मी पाद्रीजवळ कुमसारालाही, पापाच्या कबुलीलाही, बोललो नाही. गुडघे टेकून लहानसहान पापं सांगितली — हे एक दाताखाली धरून ठेवलं.

आमच्या पेडण्याच्या वाड्यावर वर्षातून एकदा साईबीण, म्हणजे मारिया मातेची मूर्ती, घरोघर जाते. रोज एक घर. संध्याकाळी प्रार्थना, उकडलेले चणे. दुसऱ्या दिवशी मिरवत शेजाऱ्याकडे. मी दहा वर्षांचा असताना आमची पाळी आली, आणि नेमका पाय, म्हणजे माझा बाप, पिऊन सोप्यावर आडवा. शेजारची मारियान मावशी दारातच मिरवणुकीला आडवी आली.

"बेबद्याच्या घरांत साईबीण? चला फुडें!"

सगळे पुढे गेले. माय पेटलेली मेणबत्ती धरून उंबऱ्यात उभी. काजूच्या बिया सोलून काळी पडलेली तिची बोटं — त्याच बोटांनी तिने मला शिकवलं. मराठी शाळा, मग कॉलेज. वाड्यावरचा पहिला बी. ए. मी. म्हणून साईबिणीच्या घरांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

कळलं ना, मी काय केलं ते?

मावशीचं नाव मी लिहिलंच नाही. तिने भिंतीला चुना लावला होता, टेबलावर पांढरं कापड घातलं होतं. मूर्ती तिच्या दारावरून पुढे नेली तेव्हा मी सर्वांत पुढे होतो. गातही होतो — मोठ्याने.

सकाळी ती आली. "पुता, म्हजें नांव उरलें काय रे?"

चुकून राहिलं, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "पाद्रीनेच काढायला सांगितलं."

ती भांडेल असं वाटलं होतं. ती पांढरीफटक पडली. हळूच म्हणाली, "म्हणजे पाद्रीक कळ्ळें तर."

काय कळलं? मला आजही ठाऊक नाही. कुठलं तरी जुनं दुखणं असेल, माझ्या बापाच्या बाटलीसारखं. त्यानंतर ती चर्चमध्ये मिसाला मागच्या बाकावर बसू लागली, कोमुन्यांवाला, पवित्र भाकर घ्यायला, उठेना. पाद्री वेदीवरून सांगायचे — देव कुणाचाही उंबरा टाळत नाही, दुबळ्याच्या घरी तर तो आधी जातो. ती मान खाली घालून ऐकायची. मी वळून बघायचो. मला बरं वाटायचं — खोटं कशाला बोलू? फार बरं वाटायचं.

पुढची तीन वर्षं यादी मीच केली. तिन्हींत तिचं नाव नव्हतं.

ती गेली तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला आत शिरलो. टेबलावर पांढरं कापड घातलेलंच होतं. दोन मेणबत्त्या, वाती कोऱ्या.

देवाने तिला केव्हाच जवळ घेतलं असेल. पाद्रीने काही सांगितलंच नव्हतं, हेही तिला तिथे कळलं असेल. तिने मला क्षमाही केली असेल.

मी तिला अजून केलेली नाही.