कावळ्याचं ‘नाय’

शुक्रवार, ६ जून १९८६, दुपारचे चार. मित्रहो, मी निर्मात्यांसमोर बसून टीव्हीच्या कार्टूनमधल्या कावळ्याचं वाक्य पुन्हा लिहीत होतो. पिंडाला न शिवता तो म्हणतो, “मला आज भूक नाही.”

निर्माते वैतागले. “अहो, चित्रात चोच तीनदाच उघडते आणि हा मास्तरासारखा बोलतोय! आज हसू आलं नाही, तर दुसरा लेखक बघतो.”

मी थकलो होतो. तोंडून निघून गेलं, “नाय जमत, साहेब.”

ते खो खो हसले. “‘नाय जमत’! बरोबर तीन चोची! हेच घाला कावळ्याच्या तोंडी!”

काम टिकलं. पण नववीत शाळा सुटल्यापासून मी धडपडून ‘नाय’ऐवजी ‘नाही’ म्हणायला शिकलोय. सांगा, लोक कावळ्याला हसतील की मला?