मुरुडच्या दुकानातली हाताजोडी

गुरुपादप्पांचं मुरुडच्या बाजारात पूजा साहित्याचं दुकान. रुद्राक्ष, विभूती, कापूर, वाती, अष्टगंध. माणूस इतका पापभीरू, की दुकानात उंदीर सापडला तरी पिंजऱ्यासकट ओढ्याकाठी नेऊन सोडायचा. घरात अंडं तर सोडाच, बेकरीतला केकसुद्धा विचारल्याशिवाय येत नसे. अशा घरातली थोरली पोरगी, अंबिका, प्राणिशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली आणि घोरपडींच्या मागं माळ तुडवत फिरायला लागली, तेव्हा पाहुण्यारावळ्यांत चांगलीच कुजबुज झाली. "पाली मोजती म्हणं पोरगी," असं कुणी म्हटलं की अप्पा शांतपणे सांगायचे, "जीव वाचवायचं काम हाय. आपल्या धर्मातच बसतंय ते."

नांदेडच्या एका लहानशा संस्थेत अंबिका कामाला होती. प्रकल्पाच्या प्रमुख बुद्धप्रिया मॅडम. जोडीला कंधारची लुंबिनी. दोघी पोरी सकाळी उन्हानं खडक तापायच्या आत माळावर पोचायच्या. कपारी बघायच्या, झाडांच्या ढोल्या तपासायच्या, शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारायच्या. तीन वर्षांत एक गोष्ट स्पष्ट झाली होती. घोरपड कमी होत चालली होती आणि नर तर फारच क्वचित दिसत होते. मांसासाठी मारतात, कातड्यासाठी मारतात, हे त्यांना माहीत होतं. पण मागच्या उन्हाळ्यात नायगावकडच्या एका बांधावर लुंबिनीला मेलेला नर सापडला, त्याचा काही उलगडा होईना. मांस तसंच, कातडं तसंच. फक्त शेपटीच्या मुळाशी सुरीनं कापून तेवढाच भाग काढून नेलेला.

"खायचं न्हाई तर मारलं कशाला?" लुंबिनी म्हणाली होती. अंबिकानं त्या नराची मोजमापं वहीत उतरवून घेतली होती.

श्रावण लागायच्या आधी नांदेडला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. जप्त केलेला माल ओळखायचा कसा, हा विषय. वन विभागाचे दोघं-तिघं, बाकी अंबिकासारखी मंडळी. बुद्धप्रिया मॅडमनी टेबलावर एक ट्रे ठेवला. नखं, खवले, हस्तिदंताचा तुकडा. त्यांच्याशेजारी चांदीची एक चिमुकली डबी. मॅडमनी झाकण उघडलं. आत शेंदरात माखलेलं, बोटभर लांबीचं, दोन हात जोडल्यासारखं काहीतरी.

अंबिका हसली. "मॅडम, ही चुकून आली ह्याच्यात. हाताजोडी हाय ही. मुळी असती जंगलातली. आमच्या दुकानात मिळते की."

कुणीच हसलं नाही. वन विभागाच्या माणसानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. लुंबिनीनं टेबलाखालून तिचा हात घट्ट धरला.

मॅडम हळू आवाजात बोलल्या. "मुळी म्हणूनच विकतात, अंबिका. ते नर घोरपडीचं जननेंद्रिय आहे. कापून वाळवलं की असं दिसतं."

नायगावचा तो बांध अंबिकाच्या डोळ्यांपुढं आला. पाठोपाठ दुसरं काहीतरी आठवलं आणि तिची कानशिलं तापली. तिनं पायाशी ठेवलेली सॅक उचलली, आतल्या कप्प्यात हात घातला. नोकरीच्या मुलाखतीला निघताना अप्पांनी दिलेली डबी. "यश देती, जवळ ठेव," म्हणाले होते. तेव्हापासून ती सॅकमध्येच होती. कंधारच्या माळावर, नायगावच्या बांधावर, त्या मेलेल्या नराची मोजमापं घेताना ती पाठीवरच्या सॅकमध्ये होती. देवाच्या वस्तूला कोण भिंग लावून बघतं? तिनं एकदाही नीट बघितली नव्हती.

तिनं डबी ट्रेमध्ये ठेवली. झाकण उघडून ती पहिल्या डबीशेजारी सरकवली.

जेवणाच्या सुट्टीत मॅडम तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू आधी घरी जा. वडिलांना तुझ्या तोंडून कळू दे. पण नोंद करावी लागेल. मी ती थांबवणार नाही, आणि तूही थांबवू नकोस."

लातूरला गाडी बदलून अंबिका मुरुडला पोचली तेव्हा अप्पा नुकतेच दुकान बंद करून आले होते. स्वयंपाकघरात अव्वा, म्हणजे आई महानंदा, भाकरी थापत होती. अंबिकानं उभ्या उभ्याच सांगितलं. बापासमोर तो शब्द उच्चारताना जीभ अडखळली, पण तिनं उच्चारला.

अप्पा रागावले नाहीत. पोर दमली आहे, असं समजून हसले. "येडी का काय तू? वीस वर्षं विकतोय मी. मुळी हाय ती. एजंट सोता जंगलातून आणतो."

"तुम्ही बघितलं व्हय जंगल?"

"न्हाई. पण..."

"मग आणा एक. आत्ता बघू."

अप्पांनी देवघरातली डबी आणली. महानंदानं पिठाचे हात धुऊन पुसले, कोमट पाण्यात ती वस्तू सोडली. शेंदूर सुटून पाणी लाल झालं. खाली उरलं ते मळकट, सुरकुतलेलं. अंबिकानं सुई चिमट्यात धरून गॅसवर लाल केली आणि त्यात टोचली.

मुळी जळली असती तर लाकडाचा वास आला असता. वास आला तो केस जळाल्यासारखा, मांस भाजल्यासारखा. त्या स्वयंपाकघरात असला वास कधी आला नव्हता. महानंदानं पदर नाकाला लावला आणि ती भिंतीला टेकली. तव्यावरची भाकरी करपत राहिली, ती उतरवायचं कुणाला सुचलं नाही.

"कापल्यावर जितं राहतंय का ते जनावर?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई अप्पा. मारूनच काढतात."

अप्पा परसात गेले. उलटीचा आवाज आला, मग अंगावर बादल्या ओतल्याचा. ओल्या धोतरानंच परत आले आणि देवघराच्या दारात थांबले. आत पाऊल टाकेनात. गळ्यातल्या इष्टलिंगाकडं हात गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"लोकांच्या देवघरात बसवली गं मी," ते म्हणाले. "हळदीकुंकू वाहायला लावलं."

सकाळी त्यांनी दुकान उघडलंच नाही. कपाटातल्या सगळ्या हाताजोड्या कापडात बांधल्या आणि अंबिकाला म्हणाले, "चल. कुठं द्यायच्या?"

लातूरच्या वन कार्यालयात अंबिकानं सगळा प्रकार सांगितला. तिला वाटलं होतं, माणूस आपल्या पायानं आलाय, माल जमा करतील, जबाब लिहून घेतील आणि संध्याकाळच्या गाडीनं दोघं घरी येतील. अधिकारी सभ्य होता. त्यानं अप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं, जबाब घेतला. मग म्हणाला, "ताई, घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. एवढा माल ताब्यात असताना मी यांना सोडू शकत नाही."

"पण ते सोता आलेत, साहेब!"

"ते मी लिहिलंय. न्यायालय विचार करील."

प्रशिक्षणाच्या वहीत हेच कलम अंबिकानं स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलं होतं. शिक्षा कडक हवी म्हणून लुंबिनीशी वादही घातला होता. आता त्याच कलमाखाली अप्पा जीपमध्ये बसत होते आणि धोतराचा सोगा दारात अडकू नये म्हणून ती वाकून तो आत सारत होती.

जामिनाला नऊ दिवस लागले. लुंबिनी कंधारहून येऊन घरी राहिली, वकिलाकडं अंबिकाबरोबर फिरली. चौथ्या दिवशी महानंदा लेकीला म्हणाली, "तू शिकली नसतीस तर बरं झालं असतं." लुंबिनी काही बोलायला गेली, पण अंबिकानं तिला खुणेनं थांबवलं. ते वाक्य महानंदानं पुढंही कधी मागं घेतलं नाही.

अप्पा घरी आले ते निम्मे होऊन. गल्ल्यावर बसायचं त्यांनी सोडलं. एजंटाचा नंबर त्यांनी जबाबात दिला होता. तो फोन बंद झाला तो बंदच. दुकान आता महानंदा चालवते. हाताजोडी मागायला कुणी आलंच, तर ती वस्तू काय आहे ते ती त्याला बाजारातल्या भाषेत, आवाज न दबवता सांगते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा समोर एक मुख्याध्यापक होते. त्यांनी लेकीच्या रुखवतात ठेवली होती. दुसरा एकजण भांडून गेला, "धर्माला बट्टा लावता," म्हणाला. पण काहीजण डब्या घेऊन परत आले. अंबिका त्यांना वन कार्यालयात घेऊन जाते. आधी वकिलाला विचारते, आपणहून आलं की सोडतात, या आशेवर आता राहत नाही.

संस्थेनं तिला काढलं नाही. मॅडमनी अहवालात सगळं नावानिशी लिहिलं आणि मसुदा आधी तिलाच वाचायला दिला. एक ओळही खोडावी असं तिला वाटलं नाही, पण वाचून झाल्यावर ती बराच वेळ संडासात कडी लावून बसली होती.

दिवाळीनंतर एकदा अप्पा आपणहून म्हणाले, "मी येऊ का तुझ्याबरोबर? मी ते जनावर कधी बघितलंच न्हाई."

तीन दिवस सकाळी ते कंधारच्या माळावर आले. काठी टेकत, लुंबिनीच्या मागोमाग. घोरपड दिसली नाही. तिसऱ्या दिवशी वाटेवरच्या मऊ धुळीत लुंबिनीला माग सापडला: दोन्ही बाजूंना नखांचे ठसे आणि मधून शेपटी ओढत गेल्याची नागमोडी रेघ. अप्पा उकिडवे बसले.

"हितून गेली?"

"हाव काका. आज सकाळीच."

"नर का मादी?"

"मागावरनं कळत न्हाई."

अप्पांनी मान हलवली. रेघ बोरीच्या झुडपात शिरत होती. त्यांनी त्या दिशेनं बघितलं, पण पुढं जाऊ या असं म्हणाले नाहीत. अंबिकानं वहीत जागा आणि वेळ लिहिली. मग तिघंही कंधारच्या स्टँडकडं निघाले, कारण दुसऱ्या दिवशी लातूरला तारीख होती.